'आलागा'ला मराठीत काय म्हणावं? : परदेशात दुसऱ्यांचं घर सांभाळणाऱ्या फिलिपिनो बायकांविषयी

पाणपोई (शनिवार, संध्याकाळी 6:40)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढते आहे आणि तो लांबणार आहे.

समाजशास्त्रात पीएचडी करते आहे. परदेशात घरकाम करणाऱ्या, मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या फिलिपिनो बायका हा विषय. ज्या शहरात त्यांची वीस-वीस वर्षं जातात ते शहर त्यांचं कधी होतं का, एवढंच मला शोधायचं आहे. सध्या मुक्काम हाँगकाँगला. घरकामासाठी परदेशातून आलेले साडेतीन लाखांच्या आसपास कामगार इथे आहेत, जवळजवळ सगळ्या बायकाच. त्यांत निम्म्याहून जास्त फिलिपिनो, उरलेल्या मुख्यतः इंडोनेशियन.

सेंट्रल हा एरवी बँकांचा, वकिलांचा भाग. रविवारी मात्र चेटर रोड गाड्यांना बंद असतो आणि एचएसबीसीच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, पादचारी पुलांवर, जिन्यांच्या कडेला पुठ्ठे अंथरून हजारो बायका बसलेल्या असतात. पुठ्ठेच उभे करून कमरेइतक्या भिंती केलेल्या. आत आदोबो, पान्सितचे डबे उघडलेले. कुणी कुणाच्या नखांना रंग लावते आहे, कुणी फोनवरून घरच्या मुलाचा अभ्यास घेते आहे. मला पहिल्यांदा दिसल्या त्या चपला. पुठ्ठ्याच्या कडेला, बाहेर, नीट जोडीने काढून ठेवलेल्या. रस्त्यावर बसलं तरी उंबरठा असतो, हे मी तिथे पाहिलं.

हे दृश्य पाहून लोक म्हणतात, किती आनंदी असतात या बायका. त्या दिवशी असतातही. पण त्या रस्त्यावर का बसतात, याचं उत्तर कायद्यात आहे. 2003 पासून मालकाच्या घरीच राहणं सक्तीचं आहे, म्हणजे आठवड्याचे सहा दिवस कामाची जागा हेच घर. सुट्टीच्या दिवशी त्या घरात थांबलं तर 'जरा एवढं करतेस का' येतंच. म्हणून बाहेर. 1987 पासूनचा दुसरा नियम असा की करार संपला किंवा मोडला की दोन आठवड्यांत हाँगकाँग सोडायचं. वाईट मालकाला सोडणं म्हणजे हाँगकाँग सोडणं. करार दोन वर्षांचा, किमान पगार सरकार ठरवतं; सप्टेंबर 2024 पासून तो महिना 4,990 हाँगकाँग डॉलर होता.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे मी या विषयात पडले. इथे सात वर्षं सलग 'सामान्यतः राहिलेल्या' परदेशी माणसाला कायम रहिवासाचा हक्क मागता येतो. बँकवाल्याला येतो, मास्तराला येतो. घरकामगाराला नाही. इव्हँजलिन बनाओ व्हायेहोस या बाई 1986 पासून हाँगकाँगमध्ये काम करत होत्या. त्या कोर्टात गेल्या. 2011 मध्ये उच्च न्यायालयात जिंकल्या, मार्च 2013 मध्ये अंतिम अपील न्यायालयात हरल्या. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: या कामगारांना ठरावीक कामापुरतं येऊ दिलं जातं, करार संपला की परत जायचं हे आधीच ठरलेलं असतं, कुटुंब आणता येत नाही, म्हणून हे राहणं 'सामान्य राहणं' नव्हे. पंचवीसहून अधिक वर्षं! पोरं वाढवली, म्हातारे पोचवले, आणि राहणं मात्र झालं नाही.

आता माझ्या अडचणी. टागालोग या फिलिपिन्समधल्या भाषेत 'आलागा' असा शब्द आहे. ज्याला सांभाळलं जातं तो जीव. सांभाळायला दिलेलं मूल, अंथरुणाला खिळलेली आजी, पाळलेलं कुत्रंसुद्धा. या बायका मालकाला 'आमो' म्हणतात (तो स्पॅनिश राजवटीतला शब्द), पण मुलाला किंवा आजीला 'आलागा को', माझा आलागा. प्रबंध इंग्रजीत असला तरी मी टिपणं मराठीत काढते, आणि तिथे या शब्दाशी अडते. 'रुग्ण' नाही, 'लाभार्थी' तर नाहीच नाही.

दुसरी अडचण जास्त टोचते. यांना भेटायचं तर रविवारीच. त्यांच्या हातात एकच दिवस, आणि त्यातले दोन तास मी मागते. तुम्ही असता तर काय केलं असतं? आणि ज्यांच्या घरी अशी मदतनीस आहे किंवा होती, त्यांनी मोकळेपणाने लिहावं ही विनंती. नावं-गावं नकोत.

*

निळी छत्री (शनिवार, रात्री 10:20)

आम्ही सिंगापूरला अकरा वर्षं आहोत. लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते.

आमच्याकडे फिलिपिन्समधल्या इलोइलोची एक बाई सहा वर्षं होती. माझी मुलगी तिला 'आते' म्हणायची. टागालोगमध्ये आते म्हणजे मोठी बहीण. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना वाटलं नात आत्याला हाक मारते आहे, आणि त्या विचारू लागल्या, हिला कुणी शिकवलं हे. मी खुलासा केला. तरी पुढे तीन महिने सासूबाईंच्या तोंडीही 'आते'च राहिलं. 'आते, जरा पाणी दे गं.' एका शब्दात दोन घरं बसली होती. मला ते तेव्हा गोड वाटायचं.

मग एकदा तिची सहामाही तपासणी आली. इथे घरकामगार बायकांची दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी होते, तीत गर्भारपणाचीही. दिवस गेले असतील तर सहसा मायदेशी रवानगी. त्या दिवशी मी तिला दवाखान्यात घेऊन गेले आणि बाहेर बाकावर बसले. आपण हिला 'घरातलीच' म्हणतो आणि घरातल्या कुठल्या बाईची अशी तपासणी करून तिचा निकाल आपल्या हाती देतात? ती बाहेर आली, हसली, म्हणाली, 'मॅडम, ओके.' मी मान खाली घातली.

तिची झोपायची जागा म्हणजे आमच्या फ्लॅटमधली ती जाड भिंतींची, बिनखिडकीची सुरक्षा-खोली. इथल्या असंख्य घरांत तसंच असतं. आम्ही पंखा बसवला, गादी चांगली घेतली. खिडकी देता आली नाही.

*

जुना वाचक (शनिवार, रात्री 11:05)

धागा चांगला आहे, पण एक शंका. या बायकांना कुणी जबरदस्तीने नेलेलं नाही. त्यांच्यात शिक्षिका, पदवीधर असतात असं वाचलं आहे. गावच्या शाळेतल्या पगारापेक्षा इथे जास्त मिळतं म्हणून त्या येतात. स्वखुशीने केलेल्या सौद्यात आपण अन्याय का शोधावा? 'सात वर्षांनी राहू देणार नाही' हे आधीच सांगितलेलं असतं, मग तक्रार कसली?

*

दर्यावर्दी (रविवार, पहाटे 2:30)

सध्या बोटीवर आहे, नेट मिळालं तसं लिहितो. मी मूळचा गुहागरकडचा. बोटीवर सत्तावीस वर्षं, आणि जवळजवळ प्रत्येक बोटीवर फिलिपिनो. जगातल्या खलाशांत चौथा हिस्सा त्यांचा म्हणतात, ते खरंच असावं.

जुना वाचक, खुशीबद्दल सांगतो. मनिलात टी. एम. कलाव नावाचा रस्ता आहे, लुनेटा बागेच्या कडेचा. तिथे खलाशांचा बाजार भरतो. कागदांची फाइल काखेत घेऊन पोरं उभी असतात, एजन्सीची माणसं पाट्या घेऊन, 'सेकंड इंजिनिअर पाहिजे, ऑइलर पाहिजे'. कुणी कुणाचा हात धरून तिथे आणलेला नसतो. पण त्यांच्या सरकारचा नियम आहे, खलाशाच्या मूळ पगारातला 80 टक्के भाग घरी गेलाच पाहिजे. पगार होण्याआधीच तो घरचा होतो, आणि देशाच्या तिजोरीत डॉलर पडतात. आमच्याकडे असा नियम नाही, मी किती पाठवायचं ते मी ठरवतो. खुशी असते, पण तिच्यासाठी पाट घालून ठेवलेला असतो. पाणी त्या पाटानेच जातं.

माझ्याबरोबर एक चीफ कुक होता. त्याची बायको हाँगकाँगला, हा समुद्रावर, दोन मुलं आजीकडे. चौघं एका छताखाली आठ वर्षांत तीन ख्रिसमस होते. त्याने केबिनमध्ये ते तीन फोटो लावलेले. माझे आजोबा गिरगावात गाववाल्यांच्या खोलीत आयुष्य काढून गेले, आजी गावी. मनीऑर्डरच्या चिठोऱ्या अजून माळ्यावर आहेत. त्यामुळे त्या कुकला मला फार विचारावं लागलं नाही. ते लोक एकमेकांना 'काबाबायान' म्हणतात. म्हणजे गाववालाच.

*

पाणपोई (रविवार, सकाळी 8:15)

दर्यावर्दी, पाटाचं फार नेमकं बोललात. त्या पाटाबद्दलच थोडं लिहिते, म्हणजे जुना वाचक यांच्या शंकेलाही उत्तर होईल. शंका रास्त आहे, मलाही पुष्कळदा पडते.

1974 साली राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांच्या राजवटीत फिलिपिन्समध्ये नवी कामगार संहिता आली आणि माणसं बाहेर पाठवणं हे सरकारी काम झालं. तेलाच्या किमती भडकलेल्या, देशात रोजगार नाही, परकीय चलन नाही, आणि आखातात बांधकामाला हात हवे होते. तात्पुरता उपाय म्हणून सुरू झालेलं ते अजून चालूच आहे. 1982 मध्ये त्यासाठी वेगळी संस्था झाली, आता तर स्वतंत्र मंत्रालय आहे. जाण्याआधीचं शिबिर, घरकामाचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र, विमानतळावरचा वेगळा कागद. जाण्याची एवढी व्यवस्थित तयारी करून देणारा दुसरा देश मला माहीत नाही. 2023 मध्ये बँकांमार्गे घरी आलेला पैसा 33 अब्ज डॉलरहून जास्त होता, देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपीच्या) साडेआठ टक्क्यांच्या आसपास.

1988 साली फिलिपिन्सच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो हाँगकाँगला आल्या आणि इथल्या घरकामगारांपुढे बोलताना त्यांनी त्यांना 'बागोंग बायानी' म्हटलं, नवे वीर. त्यानंतर सात वर्षांनी, 17 मार्च 1995 ला, फ्लोर काँटेम्प्लासियोन या घरकामगार बाईला सिंगापूरमध्ये खुनाच्या आरोपावरून फाशी झाली. फिलिपिन्समध्ये लोक रस्त्यावर उतरले. ती दोषी नाही असं लाखो लोकांना वाटत होतं, आणि आपल्या सरकारने तिच्यासाठी वेळेत काही केलं नाही हा राग त्याहून मोठा होता. त्याच वर्षी जूनमध्ये स्थलांतरित कामगारांसाठीचा कायदा आला. वीर म्हणणं सोपं असतं, पाठीशी उभं राहायला एक जीव जावा लागला.

म्हणून माझं म्हणणं असं. या बायका येतात ते स्वतःच्या निर्णयाने, आणि तो निर्णय मी त्यांच्याकडून हिरावून त्यांना बिचाऱ्या करणार नाही. पण पाठवणाऱ्या देशाने जाण्याची सोय केली, घेणाऱ्या देशाने कामाची सोय केली, आणि राहण्याची सोय कुणीच केली नाही. ही चूक किंवा विसर नव्हे, रचनाच तशी आहे. 'आधीच सांगितलं होतं' यात ती रचना झाकली जाते. 2021 मध्ये कोविडच्या काळात इथे सगळ्याच्या सगळ्या परदेशी घरकामगारांना सक्तीने चाचणी करायला लावली. त्यांच्याच घरात राहणाऱ्या मालकांना नाही. एका छताखाली श्वास घेणाऱ्यांतला एक जण वेगळा काढायचा, हे 'आधीच सांगितलेल्या'त नव्हतं.

निळी छत्री, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तो बाक माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

*

सांजवात (रविवार, दुपारी 12:50)

इंग्लंडमध्ये नर्स आहे, मिडलँड्स भागात. मूळ मिरजेची. आमच्या वॉर्डात आम्ही भारतीय सात, फिलिपिनो नऊ.

घरकाम आणि नर्सिंग यांचा रस्ता वेगळा, हे धाग्यात यायला हवं. नर्सना इथे काही वर्षांनी कायम राहण्याचा हक्क मिळतो, नवरा-मुलं आणता येतात. पण मुळात दोन्ही प्रवास एकाच ठिकाणी सुरू होतात. 1898 पासून फिलिपिन्समध्ये अमेरिकेची सत्ता होती, नर्सिंगचं शिक्षण अमेरिकन धर्तीवर आणि इंग्रजीत. 1948 मध्ये अमेरिकेने परदेशी लोकांना शिकायला बोलावणारी योजना काढली आणि फिलिपिनो नर्सेस मोठ्या संख्येने गेल्या. 'शिकायला' म्हणून गेलेल्यांनी कमी पैशात पूर्ण नर्सचं काम केलं.

8 डिसेंबर 2020 ला कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात जगातली पहिली मान्यताप्राप्त फायझरची लस टोचली ती मे पार्सन्स यांनी, फिलिपिन्समधून आलेल्या नर्सनी. आमच्या स्टाफरूममध्ये टीव्हीसमोर सगळ्या रडल्या. आनंदाने म्हणाल तर पूर्ण तसंही नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या नर्सेसच्या संघटनेने मोजलं होतं. तिथल्या नर्सेसमध्ये फिलिपिनो चार टक्के, आणि कोविडने गेलेल्या नर्सेसमध्ये जवळपास एक तृतीयांश. त्या आयसीयूत आणि सर्वसाधारण वॉर्डांत जास्त, रुग्णाच्या खाटेशी जास्त. मी ज्या बाईकडून काम शिकले, तीही त्या वर्षी गेली. तिने मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, 'रुग्णाला हात लावण्याआधी त्याचं नाव घे.' मी अजून घेते.

रविवारच्या प्रश्नाबद्दल: वेळ मागू नका, हाताला काम मागा. वॉर्डातला माझा अनुभव आहे, माणसं काम करता करताच बोलतात.

*

अश्दोदकर (रविवार, संध्याकाळी 7:30)

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. घरची मंडळी अलिबागकडून 1960च्या दशकात इस्राएलला आली. धागा वाचून आईबद्दल लिहावंसं वाटलं.

आईला शेवटची पाच वर्षं विसरण्याचा आजार होता. इथे अशा म्हाताऱ्यांसाठी घरी राहून सांभाळणारी परदेशी माणसं असतात, फिलिपिनो खूप. आमच्याकडे आली ती फिलिपिन्समधल्या पांगासिनानची, चाळिशीची. तिला थोडी हिब्रू येत होती, आईबरोबर ती हिब्रूतच बोलायची.

दुसऱ्या वर्षी आईची हिब्रू गेली. आधी अवघड शब्द गेले, मग सगळीच. उरली मराठी, तीही रेवदंड्याच्या वेशीतली, लहानपणची. माझ्या बायकोला मराठी येत नाही, मुलांना येत नाही, मी दिवसभर कामावर. ती बाई एक दिवस वही घेऊन माझ्यासमोर बसली. 'शब्द दे' म्हणाली. मी सांगत गेलो, ती आपल्या लिपीत लिहीत गेली. पाणी. पुरे. दुखतंय का. ऊठ. नीज आता. घाबरू नको. मी आहे.

पुढची तीन वर्षं आमच्या घरात दिवसभर मराठी बोलणारी दोनच माणसं होती, आई आणि ती. मी संध्याकाळी यायचो तेव्हा आतून ऐकू यायचं, 'नीज आता, नीज आता.' तिचा उच्चार माझ्या आजीसारखा होत गेला होता, कारण ती आईचं ऐकूनच शिकली.

आई गेली तेव्हा 'शिवा'चे, म्हणजे आमच्या ज्यू दुखवट्याचे, सात दिवस आम्ही जमिनीवर बसलो. तीही बसली. आठव्या दिवशी तिने कागद काढले. तिचा परवाना आईच्या नावावर होता. आई गेली म्हणजे काम गेलं, राहती खोली गेली, आणि ठरलेल्या मुदतीत दुसरा म्हातारा शोधला नाही तर देशही. दुःख करायला आम्हाला महिना होता, वर्ष होतं. तिच्याकडे आठवडा. आपल्यात रक्ताचं नातं मोजतात, परवान्यात तेवढंच लिहितात. तिचं काय होतं ते कुठे लिहायचं?

तुमच्या शब्दाबद्दल: आई तिला माझी ओळख करून देताना म्हणायची, 'हा माझा. आणि मी हिच्या पदरची.' कदाचित त्यात काही सापडेल.

*

निळी छत्री (रविवार, रात्री 8:10)

अश्दोदकर, वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. ती आता कुठे आहे?

*

अश्दोदकर (रविवार, रात्री 8:45)

बीरशेबात, दुसऱ्या एका आजींकडे. त्या मोरोक्कोच्या. आता तिची वही अरबीची आहे.

*

जुना वाचक (रविवार, रात्री 9:20)

माझा प्रश्न मी मागे घेत नाही, पण तो अपुरा होता हे कबूल. सौदा कामाचा होता. शेवटच्या त्या तीन वर्षांत जे झालं ते सौद्यात कुठे बसत नाही, आणि कायदा फक्त सौदाच पाहतो.

पाणपोई, एक माहिती विचारतो. फिलिपिन्समध्ये स्वतःच्या देशातल्या घरकामगारांसाठी काही आहे का? की सगळं बाहेर जाणाऱ्यांसाठीच?

*

पाणपोई (रविवार, रात्री 11:40)

आहे. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार केला. त्याला मान्यता देणारा फिलिपिन्स हा उरुग्वेनंतरचा दुसरा देश, आणि त्यांच्या मान्यतेमुळेच तो 2013 मध्ये लागू झाला. भारताने तेव्हा बाजूने मत दिलं, मान्यता अजून दिलेली नाही. 2013 मध्येच फिलिपिन्सने देशातल्या घरकामगारांसाठीही कायदा केला. त्या कायद्यातला शब्द बघा: 'कासाम्बाहाय'. 'कासामा सा बाहाय'चं छोटं रूप, घरातली सोबतीण. पूर्वी चारचौघांत 'कातुलोंग' म्हणत, मदतनीस. कायद्याने सगळं बदललं असं नाही. हाँगकाँगला आलेल्या आईची मुलं गावी सांभाळणाऱ्या बाईला त्या आईच्या पगारातून जे मिळतं ते फारच थोडं असतं. तिची मुलं आणखी कुणाकडे. साखळी खाली उतरत जाते तसे पैसे आटत जातात.

अश्दोदकर, 'पदरची' हा शब्द मी वहीत लिहून घेतला. तुमच्या आईंचा म्हणून. एरवी पदरचा म्हणजे आश्रित, खालचा. त्यांनी तो उलटा वापरला: घर त्यांचं, खुर्ची त्यांची, आणि तरी पदर हिचा. 'आलागा'त तेच आहे. माझ्या टिपणांत आता 'आलागा' तसाच ठेवते आणि बाजूला 'पदरचं माणूस' लिहिते.

सांजवात, तुमचं आजच ऐकलं. दुपारी सेंट्रलला गेले ती वही न काढता. वर्ल्ड-वाइड हाऊसच्या मागच्या बाजूला एकीचा घरी पाठवायचा बालिकबायान बॉक्स भरायचा चालला होता. 'बालिक' म्हणजे परतणं, 'बायान' म्हणजे मुलूख. माणूस परतत नाही तोवर बॉक्स परततो. ख्रिसमसला घरी पोचायचा तर बोटीने आताच जायला हवा. मी विचारलं, मी काही धरू का. तिने चिकटपट्टीचं रीळ माझ्या हातात दिलं.

या बॉक्सचे पैसे आकारावर लागतात, वजनावर नाही. म्हणून आत हवा राहू द्यायची नसते. कॉर्न्ड बीफचे डबे तळाशी, बुटांत मोजे, मोज्यांत चॉकलेटं, टॉवेलांत गुंडाळलेला शांपू, मधल्या फटींतून कॉफीची पाकिटं. एक शाळेचं दप्तर होतं. ते तिने दोनदा बाहेर काढलं आणि दोनदा परत ठेवलं. मुलगा आता सोळाचा आहे, ते लहान होईल की काय, हे तिला ठरवता येईना. शेवटच्या भेटीला चार वर्षं झाली होती. तिने हाताने हवेत त्याची उंची दाखवली, मग हात थोडा वर नेला, मग आणखी थोडा.

दप्तर ठेवलंच. झाकण बसेना म्हणून तिची मैत्रीण बॉक्सवर बसली, आणि मी पट्टी ओढत गेले.

*

सांजवात (सोमवार, सकाळी 6:05)

पुढच्या रविवारी पट्टीचं रीळ तुम्ही न्या. रुंद, तपकिरी. पातळ पट्टी दमट हवेत सुटते.